लाल टोपीची बदकं

सोमवार, १० जून २०२४
जहाजावरून, आखातात कुठंतरी

प्रिय थॅड,

तू बरा असशील, ह्यूस्टनचा उकाडा तुला छळत असेल आणि शेजारणीचा कुत्रा अजूनही तुझ्याच दारात येऊन झोपत असेल, असं धरून चालते. आम्ही मजेत आहोत. आई तर इतकी मजेत आहे की काल जेवताना तिनं दोन गोड पदार्थ मागवले, दोन्ही संपवले आणि मग माझ्या ताटलीकडे बघायला लागली.

पत्र कशाला, असं म्हणशील. एक तर आईनं जहाजावरचं इंटरनेट घेऊ दिलं नाही. "समुद्र बघायला आलोय, फोन बघायला नाही," म्हणाली. आणि दुसरं म्हणजे फोनवर हॉलिसचं नाव निघालं की तुला नेमका तेव्हाच दुसरा कुणाचा तरी फोन येतो. पत्राच्या बाबतीत ती सोय नाही. गॅल्व्हस्टनला परतलो की सगळी पत्रं एका पाकिटात घालून पोस्टात टाकीन. घाबरू नकोस, आईच्या आणि त्याच्या लग्नाचा विषय काढायचा नाही असं तू बजावलं आहेस, तो मी काढत नाहीये. एकोणतीस तारीख तुलाही ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. तू येणार नाही म्हणालास, तेही ठाऊक आहे. विषय संपला.

आता जहाज. थॅड, हे जहाज म्हणजे अगदी आपला 'निळ्या बेटांचा कप्तान' आहे रे! लेक चार्ल्स गावातल्या आपल्या घरात गालिच्यावर पालथं पडून ज्याच्यापायी आपण आख्खी उन्हाळी सुट्टी वाया घालवायचो, तोच टीव्हीवरचा खेळ. लिफ्टपाशी जहाजाचा नकाशा आहे, आणि जिथं अजून पाऊल टाकलं नाही तो भाग मला उगाच काळा दिसतो. बुफेच्या दाराशी एक मिशीवाला गृहस्थ उभा असतो. तो गाण्यात एकच वाक्य म्हणतो, "हात धुवा, हात धुवा, मग जेवा!" खेळातल्या गावकऱ्यांसारखं मी मुद्दाम तीनदा त्याच्या पुढून गेले, वाक्य बदलतं का बघायला. चौथ्या वेळी तो म्हणाला, "बाई, तुमचे हात झिजतील."

चढायच्या फळीवरून येताना मला आपला जोडपूल आठवला. तिसऱ्या बेटावरचा. एकानं अलीकडच्या दगडावर उभं राहायचं, तेव्हा पूल बाहेर येणार. दुसऱ्यानं पलीकडे जाऊन तिथला दगड दाबायचा, मग पहिल्यानं यायचं. तू नेहमी दगडावर उभा राहायचास आणि मला म्हणायचास, "पळ, नेल, पळ!" मी इथे फळीवर खरंच पळाले. सुरक्षारक्षकानं हटकलं.

जहाज सुटायच्या आधी संकटात काय करायचं त्याची शिकवणी असते. तू पुस्तिका पहिल्या पानापासून वाचल्याखेरीज खेळ सुरू न करणारा माणूस, तुला ती फार आवडली असती. मी बटण दाबून पुढे जाणारी. रोज सकाळी कप्तान भोंग्यावरून सूचना देतो. तो बोलायला लागला की मी नळ सोडते.

आणि बदकं! क्रूझवाल्या मंडळींचा हा चाळा तू ऐकला असशील. घरून रबराची इवलीशी बदकं आणायची, जहाजभर लपवायची, सापडेल त्याची. मला अशी काही साधीसुधी सापडली, कुंडीत, जिन्याच्या कठड्यावर. पण आज दुपारी मी पोहण्याच्या तलावापाशी होते. तिथं एका टोकाला नकली खडकावरून पाणी पडतं. मी सहज बघितलं आणि मला बाबा आठवले. आठव ना, रिफायनरीतून दमून आलेले, आपल्या मागे खुर्चीत बसलेले, कंट्रोलरला कधी हात न लावणारे. सबंध खेळात त्यांचा सल्ला एकच: "धबधब्यामागे बघ." मी पाण्यात डोकं घालून मागे बघितलं. खडकाच्या खोबणीत एक बदक बसलेलं होतं, आणि त्याच्या डोक्यावर लाल टोपी रंगवलेली. आपल्या कप्तानाची लाल टोपी, थॅड! वरचा पांढरा गोंडासुद्धा होता.

म्हणजे या जहाजावर आपल्यासारखा आणखी एक वेडा आहे. तो देखणा आणि अविवाहित असावा अशी माझी प्रार्थना आहे.

आता तुझं काम. घराबाहेर गाडीत सामान चढवताना माझा दंड धरून तू म्हणालास, "त्या माणसात खोट शोधून आण. असणारच." मी शोधतेय. आतापर्यंतचा हिशेब असा. हॉलिस घोरतो. आई आणि मी एका खोलीत, तो शेजारच्या खोलीत, कारण लग्नाआधी ती दोघं एका खोलीत राहिली असती तर मिस ऑर्थेलानं चर्चच्या पायरीवर उभं राहून सगळ्या गावाला सांगितलं असतं. तर तो भिंतीपलीकडून ऐकू येतो. सँडलमध्ये मोजे घालतो. आणि न्हावी असल्यामुळे कुणाशी बोलताना डोळ्यांकडे न बघता केसांकडे बघतो. आज लिफ्टमध्ये एका अनोळखी माणसाला म्हणाला, "भाऊ, हे ज्यानं कापलं त्याला तुम्ही माफ केलंत का?" तो माणूस इतका हसला की त्याचा मजला निघून गेला.

इथली मंडळी खोलीच्या लोखंडी दारांवर चुंबकं लावून सजावट करतात. समोरच्या दारावर मासे आहेत. आमच्याही दोन्ही दारांवर चुंबकं आहेत. नावांची. असो, आई जेवायला बोलावतेय.

तुझी,
नेल


बुधवार, १२ जून
रोआतान बेट मागे पडताना

प्रिय थॅड,

अक्षर वाकडं आलं तर समजून घे, दम अजून पुरता खाली बसलेला नाही. आई खुशाल. मी खुशाल. हॉलिसच्या डाव्या टाचेला फोड आलाय, बाकी तोही खुशाल.

काल लाल टोपीवाली आणखी दोन बदकं सापडली. एक बंद वाटणाऱ्या बोळाच्या शेवटी, एक छोट्या गोल्फच्या दीपगृहात, अगदी वर. खेळात खजिना असतो त्याच जागा! मग मी त्या वेड्याच्या मागावर निघाले. खेळाचं चित्र असलेला शर्ट घातलेला एक जण दिसला, बरा होता दिसायला. मी जवळ जाऊन अर्थपूर्ण आवाजात म्हटलं, "धबधब्यामागे?" तो म्हणाला, "नाही, बाथरूम उजव्या हाताला आहे."

आज बेटावर उतरायचं होतं. आईचा गुडघा दुखत होता आणि जहाजावर बिंगोचा खेळही होता. त्यातलं कुठलं कारण मोठं ते तू ओळख. ती म्हणाली, "तुम्ही दोघं जा." मी मनात म्हटलं, बरं झालं, खोट शोधायला मोकळं रान.

आणि थॅड, मला ती सापडली. निदान मला तसं वाटलं. बाजारात मी रस्त्याकडेला उभी राहून राजमा भरलेली गरम पोळी, इथली बालेआदा, खात होते, आणि हॉलिस "आलोच हं" म्हणून एका दुकानात शिरला. मी काचेतून बघितलं. त्यानं नखं रंगवायचा लाल रंग घेतला. भडक लाल. पिशवीत खाली दडवला, वरून रुमाल टाकला, आणि इकडेतिकडे बघत बाहेर आला. आपल्या आईनं जन्मात कधी नखं रंगवलेली नाहीत. मग हा रंग कुणासाठी? तुला सांगायला केवढी मोठी बातमी मिळाली! पण खरं सांगते, आनंद झाला नाही. मला रडू येईल असं वाटलं आणि मी आणखी एक बालेआदा मागितली.

जहाजाचं दार साडेतीनला बंद होणार होतं. आम्ही समुद्राकाठी बाकावर बसलो. मी तोंड फुगवून, तो माझ्याकडे चोरून बघत. माझ्या फोनवर सव्वादोन वाजले होते.

"पोरी, माझ्या घड्याळात सव्वातीन झालेत," तो म्हणाला.

"मिस्टर हॉलिस, तुमचं घड्याळ तुमच्याइतकंच जुनं आहे. फोनला वेळ आकाशातून येते."

"बरं बाई. आकाशापुढे मी काय बोलणार?"

तेवढ्यात चपला हातात घेतलेली एक बाई दोन पोरांना फरफटत आमच्या पुढून धावत गेली. "अहो बसलात काय! बेटाची वेळ एक तास मागे आहे! जहाजाच्या वेळेनं चाला!" आणि तेव्हाच भोंगा झाला.

कप्तानानं हेच सकाळी सांगितलं असणार. मी नळ सोडला होता.

पळालो रे आम्ही! धक्का केवढा लांब, आणि पुढे ते डोंगराएवढं पांढरं जहाज. वरच्या सगळ्या सज्ज्यांत लोक जमलेले. उशिरा येणाऱ्यांना पळताना बघणं हा या मंडळींचा रोजचा खेळ. टाळ्या, शिट्ट्या, "चला आजोबा, चला!" पासष्टीचा माणूस सँडलमध्ये मोजे घालून धावत होता, आणि मला सांगायला लाज वाटते, माझ्या पुढे होता.

अर्ध्या वाटेत त्याच्या पिशवीचा बंद तुटला.

बदकं, थॅड. पिवळी बदकं धक्काभर उड्या मारत सुटली. काहींच्या डोक्यावर लाल टोपी, काहींच्या अर्धीच, काहींची कोरी. आणि त्यांच्यामधून गडगडत गेलेली ती लाल रंगाची बाटली. मी जागच्या जागी थिजले. तो वेडा, तो देखणा अविवाहित वेडा, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसून बदकं गोळा करत होता.

"सोडा ती!" मी ओरडले. "जहाज सुटेल!"

"अगं, त्यात थॅडचं आहे!"

मग मीही बसले खाली. दुसरं काय करणार? वरून सगळं जहाज आम्हाला वाट दाखवायला लागलं. "डावीकडे! डावीकडे एक! खांबामागे!" आणि त्या सगळ्या गोंधळावर आईचा आवाज, माझ्या पूर्ण नावानिशी: "रेनेल मरी! बदकं टाक आणि त्या माणसाला वर आण!"

आम्ही फळीवर पाय ठेवला आणि मागे साखळी पडली. आईनं आधी माझ्या दंडावर फटका मारला, मग हॉलिसला मिठी मारली, मग दोघांना एकत्र धरून हसत हसत रडली. डोळे पुसताना म्हणाली, "थॅड असता तर ही वेळ आली नसती. सूचना ऐकणारं या घरात तेवढं एकच माणूस आहे."

हॉलिसनं मला मग जे सांगितलं ते आज लिहीत नाही. मलाच आधी नीट कळू दे.

तुझी,
पाय दुखणारी नेल


शनिवार, १५ जून
परतीच्या वाटेवर

प्रिय थॅड,

उद्या सकाळी गॅल्व्हस्टन. बॅगा दाराबाहेर ठेवायच्या आहेत आणि आई तीच चादर चौथ्यांदा घडी घालतेय, म्हणजे तिला जावंसं वाटत नाहीये. परवा कोझुमेलच्या किनाऱ्यावर ती गुडघा विसरून पाण्यात उतरली आणि स्कर्ट भिजला तरी बाहेर यायला तयार नव्हती. तिला असं खिदळताना मी खूप वर्षांत बघितलं नव्हतं. तू बघायला हवं होतंस.

आता राहिलेलं सगळं लिहिते.

मी मिस्टर हॉलिसना विचारलं, की तुम्हाला आमचा खेळ कसा माहीत. ते (हो, 'ते'. तुझ्या ध्यानात आलंच असेल) कान लाल करून म्हणाले, की हिवाळ्यात त्यांनी जुन्या बाजारातून आपल्यासारखंच यंत्र आणि तोच खेळ शोधून आणला. दुकान बंद केलं की खुर्चीत बसून खेळतात. का, विचारलं. म्हणाले, "तुम्ही दोघं भावंडं एकत्र आलात की त्या बेटांवरच बोलता. मला एक अक्षर कळायचं नाही. म्हटलं, निदान गाव तरी बघून यावं."

किती वाईट खेळतात म्हणून सांगू! मी जहाजावरच्या खेळघरात नेऊन पाहिलं. उडी मारायची असली की स्वतःच खुर्चीतून उठतात. पहिल्याच खड्ड्यात पुन्हा पुन्हा पडले आणि दर वेळी खड्ड्याला म्हणाले, "पुन्हा तूच का?" आजूबाजूची पोरं लोळली हसून.

"मग खजिन्याच्या जागा कशा सापडल्या?" मी विचारलं.

"तुझ्या आईनं सांगितलं, तुझे वडील मागे बसून काय म्हणायचे ते. त्यांच्याच सांगण्यावरून चाललोय मी, पोरी. प्रत्येक धबधब्यामागे बघतो. अजून एकदाही चुकलेलं नाही."

थॅड, मी तिथंच रडले. तूही आता रडत असशील तर रड, कुत्र्याशिवाय कुणी बघत नाहीये.

आणि दारावरची चुंबकं. मी पहिल्या पत्रात तो विषय गिळला. त्यांच्या दारावर दोन नावं आहेत, हॉलिस आणि थॅड. तुझं तिकीट त्यांनी रद्द केलंच नाही. तुझा पलंग रोज घातला जातो. खोली आवरणारा माणूस टॉवेलाचे प्राणी करून ठेवतो, तर त्याला सांगून ठेवलंय, दोन करा. तुझ्या पलंगावर आतापर्यंत हत्ती, ससा आणि बहुधा कासव येऊन गेलं. मी म्हटलं, "तो येणार नाही म्हणाला होता ना?" तर म्हणाले, "म्हणाला होता. पण जहाज सुटेपर्यंत माणसाचं मन बदलू शकतं. आणि बदललं आणि पलंग नसला तर?"

खोट सापडली नाही. घोरणं मात्र खरं आहे.

आता तो विषय काढतेच. रागाव हवं तर.

काल आई आणि मी कठड्यापाशी उभ्या होतो. मी विचारलं, लग्नाच्या वेळी चर्चमध्ये तुझा हात धरून वेदीपर्यंत कोण चालत येणार? ती म्हणाली, एकटीच येईन. "थॅडला सांग ना," म्हटलं. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "तुझे बाबा गेल्यापासून मी त्या पोराला फक्त कामं सांगितली. छप्पर बघ, औषधं आण, बहिणीची फी भर. त्यानं एकदाही नाही म्हटलं नाही. हे काम म्हणून नाही सांगायचं मला. त्याला यावंसं वाटलं तर यावा." आणि डोळ्यांत गेलेला वारा पुसला.

तिनं सांगितलेलं नाही, तेव्हा मीही सांगत नाही. मी फक्त मिस्टर हॉलिस खेळात कुठं अडकलेत ते सांगते. ते तिसऱ्या बेटावर आहेत. फेब्रुवारीपासून. जोडपुलाशी. तिथं एकट्याचं चालतच नाही आणि आईला कंट्रोलर कुठल्या बाजूनं धरायचा तेही कळत नाही. मला म्हणाले, तू ये ना खेळायला. मी नाही म्हटलं. त्या पुलावरचा माणूस वेगळा आहे, म्हटलं.

कारण बाबा गेले त्या वर्षी तू कॉलेज सोडून घरी आलास आणि त्या दगडावर उभा राहिलास. मला म्हणालास, पळ, नेल. मी पळाले. शिकले, नोकरीला लागले, पलीकडे पोचले. आईही पोचली, थॅड. ती पाण्यात स्कर्ट भिजवून हसते आता. तूच एकटा अजून तिथं उभा आहेस. तुला वाटतं, तू पाय उचललास की पूल आत जाईल आणि आम्ही पडू, आणि बाबाही कुठंतरी पुसले जातील. मला आधी हे कळायला हवं होतं. मला वाटायचं तू नुसता हट्टी आहेस. हट्टी आहेसच, पण तेवढंच नाही.

आता इकडच्या दगडावर माणूस आहे. वजनदार आहे, मोजे घालून उभा आहे, आणि हलणार नाही. मी तपासून घेतलंय. तू मला त्यासाठीच तर पाठवलं होतंस.

पाकिटात एक बदक आहे. धक्क्यावर ज्याच्यासाठी जहाज चुकणार होतं, तेच. टोपी रंगवलेली नाही. मिस्टर हॉलिस म्हणाले, ती थॅडनं रंगवावी, हव्या त्या रंगात, आणि आईच्या घरात कुठंही लपवावी, मी शोधीन. मी त्यांना सांगितलं, जन्मात सापडणार नाही, त्याच्याइतकं बेरकी लपवणारा कुणी नाही. ते म्हणाले, "मग तर त्याला परत परत यावं लागेल, कुठं आहे ते सांगायला."

पळ, थॅड, पळ.

पलीकडे उभी असलेली,
तुझी नेल